घाटावरच्या मुलांनी आरमाराचा इतिहास कसा पाहावा?

तासगाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवणाऱ्या मॅडमनी विचारले आहे: आठवीच्या ४५ मुलांना मराठा आरमाराचा इतिहास दाखवायला न्यायचे आहे. परदेशात जिवंत इतिहासाची संग्रहालये असतात. तिथे जुनी जहाजे असतात, त्या काळच्या पोशाखातली माणसे असतात, मुलांना हाताने काम करायला मिळते. आपल्याकडे असे काही आहे का? नसेल तर दोन दिवसांत पाच-सहा जलदुर्ग दाखवून आणावेत का?

मॅडम, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. पाच-सहा जलदुर्ग नकोत. एकच बंदर निवडा आणि तिथे एक पूर्ण ओहोटी आणि एक पूर्ण भरती पाहून होईपर्यंत थांबा.

मी ३१ वर्षे इतिहास शिकवला, पहिली बारा वर्षे पाटण तालुक्यात आणि पुढची मिरजेजवळ. समुद्रकिनाऱ्याची माझी पहिली सहल दोन दिवसांत सात ठिकाणांची होती. मुले दिवसभर गाडीत, घाटात निम्म्यांना उलट्या, आणि प्रत्येक किल्ल्यावर जेमतेम पाऊण तास. परत आल्यावर वह्या तपासल्या तर सुवर्णदुर्गातली माहिती जयगडात गेलेली आणि जयगडाची आणखी कुठे. एका मुलीने मात्र एकच वाक्य लिहिले होते: "सकाळी समुद्र खूप आत गेला होता, तो का गेला ते सरांनी सांगितले नाही." ते वाक्य मला फार लागले. तिने त्या दोन दिवसांतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पाहिली होती, आणि मी तिला गाडीत बसायची घाई केली होती. भरती-ओहोटी कळल्याशिवाय आरमार कळत नाही. किल्ला कुठे बांधायचा, गोदी कुठे खोदायची, पाठलागावरच्या मोठ्या जहाजाला कुठे फसवायचे, हे सगळे त्या पाण्याच्या चढ-उतारावर ठरत होते.

आता परदेशातल्या संग्रहालयांबद्दल. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात मिस्टिक सीपोर्ट नावाचे संग्रहालय आहे, १९२९ साली स्थापन झालेले. तिथे चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन हे १८४१ साली पाण्यात उतरवलेले देवमाशांच्या शिकारीचे लाकडी जहाज अजून उभे आहे. २०१४ साली डागडुजी करून ते पुन्हा समुद्रात नेऊनही आणले. तिथली मुले त्या जहाजावर चढतात, शिडाचे दोर ओढतात, लोहाराचे आणि पिंप बनवणाऱ्याचे काम जवळून बघतात. तसे जुने लढाऊ जहाज आपल्याकडे एकही उरलेले नाही. गुजरातेत लोथलला सागरी वारशाचे मोठे संकुल उभारले जात आहे, पण सांगलीहून आठवीच्या वर्गाला ते जवळचे नाही.

तरी त्या पद्धतीतला जीव पोशाखात नाही, मुलांच्या हाताला मिळणाऱ्या कामात आहे, आणि ते काम आपल्या कोकणात आजही चालू आहे. लाकडी होडी बांधणारे सुतार आहेत. होडीचे प्रमुख असलेले, वाऱ्याचा अंदाज बोटाने सांगणारे तांडेल आहेत. मालवण-तारकर्लीच्या बाजूला रापण, म्हणजे मासळीचे मोठे जाळे, किनाऱ्यावरून ओढतात, शंभर-दीडशे हात लागतात आणि मासळीचे वाटे ठरलेल्या रीतीने पडतात. ही माणसे कोणाचा पोशाख घालून उभी नाहीत, ती आपले रोजचे काम करताहेत. त्यांच्या कामात शिरताना मुलांनी आधी परवानगी मागायची, मध्ये लुडबुड करायची नाही आणि निघताना आभार मानायचे, एवढे शिकवून न्या.

मुलांना आणखी एक ताजे उदाहरण सांगा. मे २०२५ मध्ये नौदलाने कारवारला आयएनएसव्ही कौंडिण्य हे शिडाचे जहाज आपल्यात सामील करून घेतले. त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवल्या आहेत, खिळे मारलेले नाहीत. आराखडा घेतला तो अजिंठ्याच्या लेण्यातल्या पाचव्या शतकातील चित्रावरून. महाराष्ट्रातल्या एका भिंतीवरचे चित्र दीड हजार वर्षांनी पाण्यावर तरंगले, हे ऐकल्यावर वर्गात जी शांतता पसरते ती पाठ्यपुस्तकातल्या धड्याने पसरत नाही.

सहलीची सुरुवात बसमध्ये बसल्यावर होत नाही. ती दीड महिना आधी शाळेतच व्हायला हवी. आपली मुले कृष्णाकाठची, त्यांना वाटते समुद्र हा कोकणातल्या लोकांचा विषय. ही समजूत आधी काढा. नकाशावर महाबळेश्वर दाखवा. तिथल्या पंचगंगेच्या देवळापासून कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री या पाच नद्यांचा उगम मानतात. त्यातली कृष्णा आपल्या घाटांवरून वाहत पूर्वेच्या समुद्राला जाते आणि सावित्री पश्चिमेला उतरून बाणकोटच्या खाडीत. एकाच डोंगरावरचे पाणी दोन समुद्रांना. तुमच्या मुलांपैकी बहुतेकांनी हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम पाहिलेला असेल, तिथून सुरुवात करता येईल.

मग सातारा. शाहू महाराजांचा राज्याभिषेक १७०८ साली साताऱ्याला झाला, आणि त्या वेळी कोकणकिनाऱ्यावर खरी सत्ता कान्होजी आंग्र्यांची होती. कान्होजी सुरुवातीला ताराबाईंच्या पक्षात होते. १७१३-१४च्या सुमारास बाळाजी विश्वनाथांनी लोणावळ्याच्या बाजूला त्यांची भेट घेऊन समेट घडवला, कान्होजींनी शाहूंचे स्वामित्व मान्य केले आणि सरखेलीचे, म्हणजे आरमारप्रमुखाचे, पद त्यांच्याकडे कायम राहिले. म्हणजे समुद्रावरच्या आरमाराचा धनी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहत होता. साताऱ्याजवळच्या धावडशीला ब्रह्मेंद्रस्वामींची समाधी आहे. ते आधी चिपळूणजवळच्या परशुरामला राहत. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या अंमलदाराने १७२७ साली परशुरामचे देवस्थान लुटले आणि स्वामी घाट चढून वर आले. पुढे सिद्दीवर मोहीम काढावी म्हणून शाहू महाराजांकडे आणि पेशव्यांकडे त्यांनी किती आग्रह धरला, हे त्यांच्या पत्रव्यवहारात दिसते. किनाऱ्यावर काही घडले की साताऱ्यात त्याचे पडसाद उमटत.

अलीकडचेही सांगा. १९७१च्या युद्धातले वीरचक्र विजेते व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर फलटण तालुक्यातल्या विंचुर्णी गावात राहिले. शिडाच्या नौकेतून भारतीयाने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी ही कल्पना त्यांची. कमांडर दिलीप दोंदे यांनी ती १९ ऑगस्ट २००९ ते १९ मे २०१० या काळात म्हादेई नौकेतून पूर्ण केली. माणदेशाच्या कडेला, जिथे पिण्याच्या पाण्यासाठी टँकर येतात, तिथे बसून एका माणसाने जगाच्या समुद्राचा विचार केला. दुष्काळी भागातल्या मुलांना हे मी नेहमी सांगतो आणि त्यांचे चेहरे बघतो.

दुसरी तयारी दोरीची. जहाज म्हणजे निम्मे लाकूड आणि निम्मी दोरी. आपल्या मुलांना कासरा, चऱ्हाट, सोल, नाडा हे शब्द घरातून माहीत असतात. त्यांना घरी जाऊन आजोबांकडून एक-एक गाठ शिकून यायला सांगा. आमच्या एका सहलीत एका मुलाच्या आजोबांनी मोटेचा नाडा बांधायची गाठ त्याला शिकवली होती. बंदरावर त्याने ती एका वयस्क तांडेलाला बांधून दाखवली. तांडेलाने ती सोडली, उलटसुलट करून पाहिली आणि होडी खुंटीला बांधायची आपली गाठ तिच्याशेजारी बांधली. दोघींतला वेढा जवळजवळ सारखाच. मग पाऊण तास ते दोघे एकमेकांना गाठी दाखवत बसले आणि बाकीची मुले भोवती कोंडाळे करून उभी. त्या पाऊण तासासाठी मी ठरलेली दोन ठिकाणे रद्द केली, आणि आजही तसेच करीन.

तिसरी तयारी वर्गातल्या नाट्याची, ती मला सगळ्यात मोलाची वाटते. लढाईचे नाटक बसवू नका. भाड्याचे फेटे आणि पुठ्ठ्याच्या तलवारी आल्या की मुले अर्ध्या तासात दमतात आणि शिकतात काहीच नाही. त्याऐवजी दस्तकाचा प्रसंग घ्या. त्या काळी समुद्रावरून माल नेणाऱ्या जहाजाला परवाना लागे. पोर्तुगीज आपला परवाना सक्तीने घ्यायला लावत, त्याला कार्ताझ म्हणत. कान्होजींनी आपले दस्तक सुरू केले आणि ते न घेणारी जहाजे अडवली. इंग्रजांनी त्यांना चाचा, म्हणजे समुद्री लुटारू, ठरवले. ज्या कामासाठी इंग्रज त्यांना चाचा म्हणत, तेच काम इंग्रज आणि पोर्तुगीज स्वतःही करत होते, हे मुलांना आपले आपण सापडायला हवे.

वर्गाचे सहा गट करा: साताऱ्याचा दरबार, कान्होजींचे कारकून, मुंबईचे इंग्रज, गोव्याचे पोर्तुगीज, जंजिऱ्याचा सिद्दी, आणि राजापूरचा एक व्यापारी. साल १७१८ धरा. त्या वर्षी इंग्रजांनी खांदेरीवर हल्ला केला आणि तो फसला. व्यापाऱ्याकडे सुपारी, नारळ, मिरी आणि घाटावरून आलेले कापड आहे, त्याला माल वर सुरतेकडे न्यायचा आहे. बाकी काही लिहून देऊ नका. आमच्या वर्गात व्यापारी झालेली मुलगी प्रत्येक गटाकडे जाऊन दस्तकाची किंमत विचारून आली, फळ्यावर बेरीज केली आणि म्हणाली, "चौघांचेही घेतले तर माझ्याकडे माल उरतच नाही. समुद्राचा मालक कोण, ते तुम्ही आधी ठरवा." सतराव्या-अठराव्या शतकातले सागरी राजकारण यापेक्षा नेमके मी कधी मांडले नाही. दरबाराच्या गटाला त्यावर उत्तर शोधायला दुसरा तास लागला.

जहाजांची नावे याच सुमारास शिकवा. गुराब, गलबत, शिबाड, तरांडे, मचवा, पगार. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, साधारण १५० ते ३०० टनांचे, तोफा वाहणारे. गलबत त्याहून लहान, ७० टनांच्या आतबाहेर, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे, वारा पडला तरी चालणारे. इंग्रजांची जहाजे खोल बुडणारी, वाऱ्याशिवाय लंगडी. आपली उथळ तळाची, खाडीत शिरणारी. आपल्या लोकांनी किनारा ओळखून जहाज बांधले होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातला लाकडाविषयीचा भाग मुलांना जरूर वाचून दाखवा: आंब्या-फणसाची लाकडे आरमाराच्या उपयोगाची असली तरी रयतेची झाडे तोडू नयेत, कारण ती पोराबाळांसारखी वाढवलेली असतात. शेतकऱ्यांच्या मुलांना हे लगेच पोचते.

आता जागा. सांगलीकडच्या शाळेने पहिल्या सहलीला विजयदुर्ग घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. साताऱ्या-कराडकडच्या शाळांना कुंभार्ली घाटाने चिपळूण आणि पुढे दाभोळ जास्त सोयीचे. तिथे वाशिष्ठीचे मुख आहे, पलीकडे अंजनवेलचा गोपाळगड आहे आणि वाहनासकट पलीकडे नेणारी फेरीबोट आहे. सिंधुदुर्ग मोठा आहे, प्रश्नच नाही. १६६४च्या नोव्हेंबरात पाया घातला, ४८ एकरांचे बेट, भोवती खारे पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. पण तिथे होडीशिवाय जाता येत नाही, सुट्टीत रांगा लागतात, आणि ४५ मुलांची चढ-उतार सांभाळण्यात शिक्षकांचा जीव जातो. दुसऱ्या वर्षी, हात बसल्यावर, तिकडे जा.

विजयदुर्गाला जमिनीवरून चालत जाता येते. पूर्वी चारी बाजूंनी पाणी होते, पुढे खंदक बुजला. मूळचा किल्ला शिलाहार राजा दुसऱ्या भोजाच्या काळातला, नाव घेरिया. शिवाजी महाराजांनी तो घेऊन तिहेरी तटबंदीने बळकट केला आणि पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचे मुख्य ठाणे झाला. २०२५ साली युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात विजयदुर्ग आहे. सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरीही आहेत, आणि आपल्या सातारा जिल्ह्यातला प्रतापगडही. एकाच यादीत डोंगर आणि समुद्र दोन्ही आले, हे मुलांना दाखवा.

पण विजयदुर्गाचे खरे धन किल्ल्यापासून दूर, वाघोटण खाडीच्या काठी गिर्ये गावाच्या बाजूला आहे. तिथे आंग्र्यांच्या काळातली गोदी आहे, खडकात कोरलेली आणि काही भाग दगडी बांधकामाचा. सुमारे ३५५ फूट लांब आणि २२७ फूट रुंद. आता गाळ भरलेला आहे, पुष्कळ सहली तिकडे फिरकतही नाहीत. गोदीचे काम मुलांना तिथे उभे राहून समजावा. समुद्रात वर्षभर राहिलेल्या लाकडी जहाजाच्या तळाला कालवे आणि शिंपले चिकटतात, जहाज जड होते. लाकूड पोखरणारा किडा तर सागवानालाही सोडत नाही. म्हणून जहाज भरतीच्या पाण्याबरोबर गोदीत आत घ्यायचे. ओहोटीला पाणी उतरले की तोंड बंद करायचे. जहाज कोरडे पडले की तळ खरवडायचा, सडलेल्या फळ्या बदलायच्या, फटीत कापूस ठासून वरून तेल आणि राळेचा लेप द्यायचा. काम झाले की पुढच्या मोठ्या भरतीला तोंड उघडायचे. पाणी स्वतःच जहाज उचलते. पंप नाही, यारी नाही, चंद्राच्या ओढीवर चालणारा कारखाना. हे सांगून होईपर्यंत मुलांच्या डोळ्यांसमोर पाणी उतरत असते, आणि त्या मुलीच्या वाक्याचे उत्तर तिथे मिळते.

त्यासाठी वेळ अचूक साधावी लागते. कोकणातले दर्यावर्दी तिथीवरून भरती काढतात: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती आणि सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. हा हिशोब मुंबईच्या बाजूला जास्त जुळतो. दक्षिणेला याल तशी भरती थोडी आधी लागते, विजयदुर्गाला तास-पाऊण तासाचा फरक धरा, आणि जायच्या आदल्या दिवशी भरतीच्या छापील वेळा पाहून तिथल्या तांडेलालाही विचारा. सहल चतुर्थी-पंचमीला बेतली की सकाळी ओहोटीला गोदी आणि दुपारी भरतीला किल्ल्याचा तट, असे दोन्ही सापडते. मुलांकडूनच पंचांग बघून हिशोब करून घ्या. उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती आणि भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची लहान, हे शब्दही त्यातच येतात.

किल्ल्यावर फिरताना बुरुजांची नावे पाठ करायला लावू नका. तटावर एका जागी सगळ्यांना पंधरा मिनिटे गप्प बसवा. पाणी कुठे फुटते, कुठे सपाट आहे, मच्छीमारांच्या होड्या कोणत्या वाटेने आत येतात, एवढेच कागदावर काढायचे. शत्रूचे जहाज असते तर ते कुठून आले असते, हा प्रश्न त्यानंतर. किल्ल्यापुढे पाण्याखाली एक भिंत आहे आणि चाल करून आलेली जहाजे तिच्यावर आपटून फुटली, असे तिथले लोक सांगतात. ते सांगणे आणि अभ्यासकांनी पाण्यात उतरून केलेली मोजणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा भेद आठवीच्या मुलांना नीट कळतो.

आणि १७५६ साल टाळू नका. पुष्कळ शिक्षक कान्होजींच्या पराक्रमावर थांबतात. १७१७ ते १७२१ या काळात इंग्रजांनी विजयदुर्ग, खांदेरी आणि कुलाबा यांवर हल्ले केले. कुलाब्याला तर पोर्तुगीजही त्यांच्या जोडीला होते. तरीही कान्होजी हरले नाहीत. १७२९ साली ते वारले, त्यानंतर घरात वाटण्या झाल्या. तुळाजी आंग्र्यांचे आणि पेशव्यांचे बिनसले, आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या आरमाराने विजयदुर्गात नांगरलेले आंग्र्यांचे आरमार जाळले. त्या मोहिमेत नानासाहेब पेशव्यांचे सैन्य इंग्रजांच्या बाजूने होते. मी हे मुलांना किल्ल्यावर, संध्याकाळी, बंदराकडे तोंड करून सांगतो. एकदा एक मुलगा रागाने म्हणाला, "सर, हे पुस्तकात एका ओळीत का दिलंय?" मी त्याला उत्तर दिले नाही. त्याला तो प्रश्न घरी घेऊन जाऊ दिला.

सुरक्षेबद्दल आता अगदी स्पष्ट लिहितो. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले. जानेवारी २०२४ मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली, १२ मुले आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि बहुतेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हते. आपली मुले विहिरीत पोहायला शिकलेली असतात आणि त्यांना वाटते पोहता येते. विहिरीचे पाणी ओढत नाही, समुद्राचे ओढते. म्हणून माझा नियम: घोट्याच्या वर पाणी नाही, कोणालाही नाही, शिक्षकांनाही नाही. होडीत बसायचेच असेल तर प्रत्येकाच्या अंगावर जाकीट, बंद लावलेले, आणि होडीवर लिहिलेल्या संख्येपेक्षा दोन कमी माणसे. तांडेल "चालतंय हो, बसा" म्हणाला तरी नाही. दहा मुलांमागे एक शिक्षक, आणि मुली असतील तर शिक्षिका हव्याच.

आपण आधी एकट्याने किंवा दोघांनी जाऊन सगळी वाट पाहून यायची. मुक्कामाची जागा, मुलींसाठी स्वच्छतागृहे, जवळचा दवाखाना, गोदीकडे उतरणारी पायवाट निसरडी आहे का, घाट चालू आहे का. गगनबावड्याहून उतरणारे करूळ आणि भुईबावडा हे दोन्ही घाट कधी दरड तर कधी दुरुस्ती म्हणून बंद असतात. तसे असेल तर फोंडा घाटाने जा. घाट दिवसाउजेडीच उतरायचा आणि चढायचा. गाडी शक्यतो एसटीची घ्या, शालेय सहलींना भाड्यात सवलत मिळते आणि चालकाला घाटाची सवय असते. शिक्षणाधिकारी कार्यालयाची लेखी परवानगी आणि पालकांची संमतीपत्रे हातात आल्याशिवाय तारीख जाहीर करू नका. एका वर्षी आमच्याकडे परवानगीचा कागद निघायच्या आदल्या संध्याकाळपर्यंत आला नव्हता आणि ४० मुलांना घरी परत पाठवावे लागले. त्यानंतर मी प्रस्ताव दीड महिना आधी देऊ लागलो.

महिना मार्गशीर्ष किंवा पौष. पावसाळ्यात समुद्र बंद असतो, नारळी पौर्णिमेनंतर होड्या बाहेर पडतात. आरमाराचेही वर्ष असेच चालत होते, जहाजे पावसाळ्यात ओढून ठेवलेली असत. हे मुलांनी तिथल्या तांडेलाच्याच तोंडून ऐकले तर जास्त चांगले.

परत आल्यावर निबंध लिहायला लावू नका. प्रत्येकाने एक प्रश्न आणि त्याला मिळालेले उत्तर, एका पानावर, चित्रासकट. उत्तर मिळाले नसेल तर तेही लिहायचे आणि कोणाला विचारणार ते लिहायचे. ती पाने शाळेच्या व्हरांड्यात दोरीला टांगा आणि पालकांना संध्याकाळी बोलवा.

एक राहिले. गोदी मोजायला टेप नेऊ नका. मुलांनी शाळेत स्वतः वळलेली दोरी न्या, दर हाताला एक गाठ मारलेली. लांबी-रुंदी दोरीने मोजायची, आकडा गाठींत लिहायचा, आणि परत आल्यावर त्याच मापाची रेघ शाळेच्या मैदानावर फक्कीने आखायची. आमचे मैदान पुरले नाही, रेघ शेजारच्या उसाच्या बांधापर्यंत गेली, आणि मालकांनी ती दोन दिवस तशीच राहू दिली.